चार इंच

हमद तोंडानं आवाज काढून दाखवतो.
टक्. मग थांबून, टक्-टक्.
मग जीभ टाळूला घासून एक लांबट करकर.
त्याची अरबी मला अर्धीच कळते,
पण ही भाषा दोघांची आहे.

इब्रीची सनाया, सकाळचे सहा,
पत्रा अजून तापायचा आहे.
चार इंच उचललेली लँड क्रूझर पिकअप दारात उभी,
टाचा उंचावून फळीवरचा डबा काढणाऱ्या पोरासारखी.
तीन गॅरेजं फिरून आलीय.
एकानं शॉक बदलले. एकानं टाय रॉड.
तिसरा म्हणाला, गाणी मोठ्यानं लाव.

एसी बंद, काचा खाली,
मशिदीमागच्या गतिरोधकावरून मी तिला तिरकी नेतो,
आधी उजवं चाक, मग डावं.
कुरकुर आणि करकर एक नव्हेत, पोरा,
रुबेलला मी मराठीतच सांगतो,
त्याच्या बंगालीत काय पोचतं ते त्याचं त्याला.
कुरकुर रबराची. करकर सुकलेल्या लोखंडाची.
खडखड म्हणजे काहीतरी सैल,
खुळखुळ म्हणजे सैल होऊन फार दिवस झाले.
आणि हा टक्,
उजवीकडे वळताना एकदा, परत येताना एकदा,
कुणी दार ठोठावून गप्प उभं राहावं तसा,
ह्याला माझ्याकडे नाव नाही.

डाव्या कानानं मला कमी येतं.
गडहिंग्लजच्या डेपोत अकरा वर्षं
तो एसटीच्या इंजिनांना दिला.
तिथले खवरे मिस्त्री म्हणायचे,
कानावर विसंबला तो जन्मभर पार्ट बदलत बसला.
आवाज लोखंडातून चालत जातो,
शिरतो इथं, निघतो तिथं.
हात ठेव.

म्हणून मी खाली, पाठीखाली पुठ्ठा,
वर हमद, इंजिन चालू, चाकं जमिनीवर.
थोडं उजवीकडे. थोडं डावीकडे. श्वे, श्वे.
टाय रॉड मुका.
स्टॅबिलायझरची लिंक मुकी.
घामाचा थेंब डोळ्यात.
पॅनहार्ड रॉडच्या चेसिसकडच्या टोकाला तळवा टेकवला, आणि
टक्
आधी हाताला,
मग कानाला.

बोल्ट वरून घट्टच वाटायचा सगळ्यांना.
काढला तर भोक गोल राहिलेलं नव्हतं,
खारकेच्या बीसारखं लांबट.
आणि आर्मचे बुश पिळून चिरलेले,
म्हणजे हमदची करकर ती कुरकुरच निघाली.
कसं झालं ते दिसतच होतं.
गाडी हवेत टांगली, उंच स्प्रिंगा घातल्या,
लोंबत्या चाकांवरच सगळं आवळून टाकलं.
रबराला वाटलं, हीच आपली जागा.
खाली उतरल्या दिवसापासून पीळ पडतोय.

भोकावर वॉशर वेल्ड केला. बुश नवे.
रुबेलनं पाना उचलला, मी म्हटलं, थांब.
आधी चाकं जमिनीवर.
तिचं वजन तिच्यावर येऊ दे.
बंपर धरून दोनदा दाब, बसू दे तिला.
मग आवळ.

दोन वर्षांतून एकदा मी घरी जातो.
पहिले आठ दिवस ताटापासून पंख्यापर्यंत
काहीच माझ्या जागेवर नसतं.
बायको म्हणते, आल्यापासून नुसती कुरकुर.
नववा-दहावा दिवस जरा बरा जातो,
तोवर बॅग माळ्यावरून खाली आलेली असते.

हमद फेरी मारून आला.
गतिरोधकावरून दोनदा गेला, हे मी इथून मोजलं.
उतरला, आवाज काढायला तोंड उघडलं,
आणि तसंच मिटलं.
मी म्हटलं, हं.
तो म्हणाला, हं.

मग पैशांचं बोलायला
पुन्हा अरबी लागली.